परीक्षा लांबली, कागद मागे राहिले. सुदानमधल्या विद्यार्थिनीला काय सांगू?

प्रश्न: मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका आहे. एका स्वयंसेवी गटातर्फे दर शनिवारी एका सुदानी मुलीला फोनवरून इंग्रजी शिकवते. ती अठरा वर्षांची आहे. घर राजधानी खार्तूमशेजारच्या ओमदुरमानला होतं. एप्रिल २०२३ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा ती माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात होती. आता आई, आजी आणि तीन भावंडांसह पूर्व सुदानमधल्या एका शहरात नातेवाइकांकडे राहते. शाळा कधी भरते, कधी नाही. वीज दिवसातून दोन-तीन तास, फोन भावाबरोबर वाटून. गुणपत्रिका घरीच राहिल्या. तिला डॉक्टर व्हायचंय. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, "माझ्या वयाच्या मुली दुसऱ्या देशांत कॉलेजात गेल्या, मी अजून शाळेतच. यातून काही होणार आहे का, की मी स्वतःलाच फसवतेय?" मला खोटा धीर द्यायचा नाही. तिला काय सांगू? आणि इथे बसून माझ्या हातून नेमकं काय होईल?

उत्तर:

नमस्कार बाई,

ती स्वतःला फसवत नाहीये, हे तिला आधी सांगा. आणि ते कशाच्या जोरावर सांगताय तेही सांगा, कारण नुसत्या "होईल सगळं नीट"वर विश्वास ठेवायचं तिचं वय युद्धानं संपवलंय. २०२३ च्या मध्यात व्हायची सुदानची माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा, जिला तिथे सगळे 'शहादा' म्हणतात, युद्धामुळे झाली नाही. ती २८ डिसेंबर २०२४ पासून घेतली गेली. दीड वर्ष उशिरा, पण झाली. देशाबाहेर गेलेल्या मुलांसाठी बाहेरही केंद्रं होती. त्याच वेळी पश्चिमेकडच्या दारफूरसारख्या भागांतल्या असंख्य मुलांना केंद्रापर्यंत पोचताच आलं नाही, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी तिच्यासमोर ठेवा. ती ज्या भागात आहे तिथल्या मुलांना परीक्षा देता आली, ही तिच्या बाजूची ठोस गोष्ट आहे.

यातूनच आमचा मुख्य सल्ला निघतो. तिचं पुढचं एकच उद्दिष्ट ठरवा: सात विषयांचं ते सुदानी प्रमाणपत्र, विज्ञान शाखेतून, जीवशास्त्रासह. डॉक्टर होणं, परदेशी शिष्यवृत्ती, ऑनलाइन पदवी, इंग्रजीच्या परीक्षा हे सगळं त्याच्या पुढचं. मदत करणारी माणसं बहुतेक वेळा इथेच चुकतात. मुलगी हुशार दिसली की तिच्यासाठी दहा मोफत कोर्स शोधले जातात, ऑनलाइन प्रमाणपत्रांची रांग लागते, आणि दोन वर्षांनी लक्षात येतं की कोणत्याही विद्यापीठाच्या अर्जातला पहिलाच रकाना, शालान्त परीक्षेचा, रिकामा आहे. त्या रकान्याची जागा दुसरं काहीही घेत नाही.

मागे राहिल्याची तिची बोच खरी आहे, पण ती एकटी मागे राहिलेली नाही. तिच्या देशातली अख्खी पिढी तिच्याबरोबर आहे, आणि याआधीही पिढ्या अशा अडकून पुढे गेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त पोलंडमध्ये पोलिश मुलांच्या माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद केली गेली. शिक्षकांनी घराघरांत मोजक्या मुलांचे गुप्त वर्ग चालवले, शालान्त परीक्षाही गुपचूप घेतल्या, आणि युद्धानंतर त्या परीक्षांना मान्यता मिळाली. १९९२ ते १९९६ च्या वेढ्यात बोस्नियाच्या साराजेव्होतली मुलं इमारतींच्या जिन्यांखाली आणि तळघरांत शिकली. युक्रेननं २०२२ मध्ये वेगवेगळ्या प्रवेश परीक्षांऐवजी संगणकावरची एकच एकत्रित परीक्षा आणली. भोंगा वाजला की मुलं आसऱ्याच्या जागी जातात आणि मग पेपर पुढे चालू होतो. गाझातल्या मुलांनी २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ऑनलाइन दिली. या सगळीकडे शिकवणाऱ्यांनी दोन कामं केली: शिकवणं थांबू दिलं नाही, आणि कोण काय शिकलं याची नोंद ठेवली. तुमच्या विद्यार्थिनीसाठीही हीच दोन कामं आहेत, आणि दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

म्हणून सुरुवात कागदांपासून करा. "गुणपत्रिका घरी राहिल्या" म्हणजे सगळं गेलं असं नसतं. तिला आठवायला सांगा: माध्यमिक शाळेत जाण्याआधीची शेवटची परीक्षा कोणत्या वर्षी दिली, बैठक क्रमांक काय होता, शाळेचं पूर्ण नाव, मुख्याध्यापकांचं नाव. परीक्षेच्या बैठक क्रमांकावरून निकाल शोधता येतो; नुसत्या नावावरून शोधणं फार कठीण, कारण सुदानमध्ये स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं अशी चार नावं एकापुढे एक लागतात आणि सारख्या नावांच्या मुली शेकड्यांनी असतात. निकाल लागला तेव्हा घरच्यांनी तो नातेवाइकांना फोनवर पाठवलाच असेल. मावशीच्या, काकांच्या जुन्या चॅटमध्ये शोधायला सांगा. हरवलेल्या गुणपत्रिकेचा धुरकट फोटोसुद्धा उपयोगी असतो, कारण त्यावर क्रमांक असतो. जुन्या वर्गशिक्षकांचा नंबर कुणा मैत्रिणीकडे असेल. त्यांच्याकडून ती अमुक वर्षी अमुक वर्गात होती असं सहीचं पत्र, शाळेचा शिक्का नसला तरी, आत्ताच घ्यावं. शिक्षकही देश सोडून जातात, नंबर बदलतात. सहा महिन्यांनी हेच पत्र मिळेलच असं नाही.

याबरोबर तिचा राष्ट्रीय क्रमांक, जन्मदाखला आणि असल्यास पासपोर्ट. हे कागद आईच्या पिशवीत असतील तर फोटो काढताना कागद सपाट ठेवावा, खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद, चारही कोपरे दिसतील असा. पाठच्या बाजूचा फोटो वेगळा काढावा, शिक्के बहुधा तिथेच असतात. त्याची पीडीएफ दोन एमबीच्या आत ठेवावी. अर्जांच्या संकेतस्थळांना मोठी फाइल चालत नाही आणि संथ नेटवर ती वर चढतही नाही. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, त्यात कागदाचा प्रकार आणि साल. मूळ कागदाचं लॅमिनेशन मात्र अजिबात करू नये. लॅमिनेशन केलेल्या प्रमाणपत्रावर शिक्षण खात्याचा आणि परराष्ट्र खात्याचा शिक्का मारता येत नाही, उठावाचा शिक्का दबून जातो, आणि परदेशी कार्यालयं असा कागद परत करतात. बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी पुरे.

नावाचं रोमन स्पेलिंग आजच एक ठरवा. पासपोर्ट असेल तर त्यातलं, नसेल तर जन्मदाखल्याच्या इंग्रजी प्रतीतलं. अरबी नाव रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिता येतं. शाळेनं एक लिहिलेलं, ईमेलवर दुसरं, इंग्रजी परीक्षेच्या निकालावर तिसरं, अशानं अर्ज अडकतात आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी धावाधाव होते. चार नावांतली किती लिहायची तेही ठरवा. जन्मतारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहायची सवय लावा.

आता हे सगळं ठेवायचं कुठे? फक्त फोनमध्ये नको. सुदानमध्ये नाक्यांवर फोन तपासले जातात आणि काढूनही घेतले जातात. एक प्रत ईमेल खात्यात किंवा क्लाउडवर, एक मेमरी कार्डवर, एक विश्वासातल्या माणसाकडे; ते माणूस तुम्ही होऊ शकता, तिच्या आईची परवानगी घेऊन. इथे एक अडचण अनेकांना उशिरा कळते. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, सिमकार्डावर लावलेली असते. सिम गेलं की खात्यात शिरता येत नाही आणि ठेवलेले कागद असूनही हाती लागत नाहीत. त्यामुळे ही सुरक्षा चालू केल्यावर खात्यातून मिळणारे आणीबाणीचे कोड कागदावर उतरवून आईकडे द्यावेत, आणि खात्याला जोडलेला दुसरा ईमेल सुदानबाहेरच्या भरवशाच्या नातेवाइकाचा असावा. पासवर्ड तिनं पाठ करावा. तो तुम्हालाही सांगू नये.

एक साधी वही 'नोंदवही' म्हणून सुरू करा. तारीख, विषय, कोणता धडा, किती वेळ, कुणी शिकवलं. महिन्याच्या शेवटी तुम्ही किंवा तिथल्या एखाद्या शिक्षकानं सही करावी. तुमची सही फोटोवरून होईल. औपचारिक मान्यता या वहीला नाही. पण शाळेत पुन्हा नाव घालताना कोणत्या वर्गात बसवायचं हा वाद अशा वहीनं लवकर मिटतो, आणि मुलाखतीत "युद्धाच्या तीन वर्षांत काय केलंस?" या प्रश्नाला हातात उत्तर असतं.

आता अभ्यास. पुस्तकं आधी तपासा. सुदानचा अभ्यासक्रम बख्त अर-रूदा या १९३४ साली सुरू झालेल्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्रातून आकाराला आला आणि आजही पाठ्यपुस्तकं त्याच परंपरेतली आहेत, पण मधल्या काळात टप्प्यांची रचना आणि काही पुस्तकं बदलली. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये जुनी-नवी सरमिसळ असते. पहिल्या पानावरचं साल बघून, ती ज्या शाळेत नाव नोंदवणार आहे तिथल्या शिक्षकाला दाखवून खात्री करावी. चुकीच्या पुस्तकावर घालवलेले सहा महिने फार महाग पडतात.

वीज आणि नेट यांचा हिशेब तुम्ही दोघींनी मिळून मांडा, कारण वेळापत्रक त्यावरच उभं राहणार. साधारण फोनची बॅटरी ४,००० ते ५,००० एमएएच. १०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर दोन-अडीच वेळा फोन भरते. प्रत्यक्षात व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत वाया जाऊन साठ-पासष्ट टक्केच हाती येतात, म्हणजे जेमतेम दीड वेळा. २० वॅटचं घडीचं सौर पॅनल भर उन्हात दहा-बारा वॅट देतं; त्यावर ही पॉवर बँक भरायला चार ते पाच तास चांगलं ऊन लागतं. पॅनल उन्हात, पण पॉवर बँक आणि फोन सावलीत, तारेनं लांब. तिथला उन्हाळा चाळिशीपार जातो, आणि लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांवर चार्ज केली की लवकर खराब होते, कधी फुगतेही. फुगलेली पॉवर बँक पुन्हा वापरू नये, घराबाहेर ठेवावी.

नेटचं गणित याहून सोपं. तासाभराचा व्हिडिओ कॉल शेकडो एमबी खातो आणि मध्येच तुटतो. दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक ते दोन एमबीत जातो, तुटला तर पुन्हा पाठवता येतो, आणि ती तो तीनदा ऐकू शकते. तेव्हा बाई, शनिवारचा तास आता व्हॉइस मेसेज आणि वहीच्या पानाच्या फोटोवर चालवा. तुम्ही शुक्रवारी रात्री धडा पाठवा. तिला वीज असेल तेव्हा ती उतरवून घेईल, सोडवेल, फोटो पाठवेल. तुम्ही लाल पेनानं तपासलेलं पान परत पाठवा. आपलं घड्याळ तिच्या साडेतीन तास पुढे असतं, हे लक्षात ठेवून तिचा विजेचा वेळ तिलाच विचारा. थेट बोलणं महिन्यातून दोनदा पुरे, आणि तेही फक्त आवाजावर.

इंटरनेट नसताना चालणारी साधनं तिच्याकडे हवीत. ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड, आणि जिथे वायफाय बरं मिळतं अशी एखादी दुपार. किविक्स या मोफत ॲपवर अरबी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. चित्रांशिवायची आवृत्ती घ्यावी, जागा खूप वाचते. कोलिब्री हे दुसरं साधन खास नेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवलेलं आहे. त्यात खान अकादमीचे अरबी धडे आणि सरावाची गणितं असतात, आणि एका फोनमधून दुसऱ्यात स्थानिक वायफायवरून, इंटरनेटशिवाय, ते देता येतात. शेजारच्या एका मुलीकडे असलं तरी चौघींचं काम होतं. पुढे विद्यापीठाच्या पातळीचं जीवशास्त्र, रसायनशास्त्र इंग्रजीतून वाचायचं झालं तर ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. तुमच्या इंग्रजीच्या तासाला त्यातलाच एखादा परिच्छेद घ्या. इंग्रजी आणि विज्ञान दोन्ही एकाच वेळात होतात.

सगळ्या विषयांचा अभ्यास सारखाच मागे पडत नाही. गणित सर्वात आधी निसटतं, कारण एका धड्यावर दुसरा उभा असतो. भौतिकशास्त्र त्याच्या मागोमाग. अरबी, धर्म आणि जीवशास्त्राचा बराच भाग नंतर भरून काढता येतो. म्हणून गणित रोज, थोडंसं का होईना. पहिल्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. मागच्या तीन वर्षांची अनुक्रमणिका उघडा आणि प्रत्येक धड्याची दोन गणितं तिला न बघता सोडवायला द्या. सुटली तर बरोबरची खूण, अडली तर प्रश्नचिन्ह, काहीच कळलं नाही तर रिकामा चौकोन. हा तक्ता हाच तिचा अभ्यासक्रम. बहुतेक मुलांच्या बाबतीत रिकामे चौकोन त्यांना वाटत होते त्यापेक्षा कमी निघतात, आणि ते डोळ्यांनी बघणं हा कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा मोठा आधार असतो.

वेळापत्रक तासांवर बांधू नका. "सकाळी आठ ते दहा गणित" असं लिहिलेलं पहिल्या स्फोटाला, पहिल्या पाण्याच्या रांगेला, आजीच्या पहिल्या आजारपणाला मोडतं, आणि मोडलं की मुलगी स्वतःला दोष देत आठवडाभर पुस्तक उघडत नाही. पंचवीस मिनिटांचे तुकडे मोजा. चांगल्या दिवशी सहा, साध्या दिवशी तीन. आणि वाईट दिवसासाठी एक किमान माप आधीच ठरवून ठेवा: पाच गणितं आणि एक पान वाचन, वीस मिनिटं, फोनशिवाय होईल असं. ते झालं की दिवस पूर्ण झाला, वहीत तशी नोंद करायची. खंड पडला तर राहिलेलं 'भरून काढायचं' नाही. जिथे थांबली त्याच पानापासून सुरू करायचं. आठ दिवसांचा ढीग एका दिवसात उपसायला बसलेली मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबतात.

शिकलेलं टिकावं म्हणून पुस्तक मिटवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तकाशी ताडायचं. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी. कागद तुटपुंजा असेल तर पाटी किंवा फरशीवर खडू चालतो. परीक्षेआधीचे तीन महिने जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून. तीन तास सलग लिहिण्याची हाताची आणि पाठीची सवय या मुलांची गेलेली असते, आणि येत असलेले प्रश्नही त्यामुळे लिहायचे राहून जातात.

ती म्हणेल, वाचलेलं डोक्यात राहत नाही. तेव्हा तिला सांगा की रात्री नीट झोप नसेल आणि शरीर सतत आवाजाकडे कान लावून असेल तर लक्ष लागत नाही, विसरायला होतं. बुद्धी कमी झाल्याची ही खूण नाही. अशा दिवशी वाचण्याऐवजी उतरवून काढणं, आकृत्या काढणं, शब्दांच्या याद्या करणं अशी हाताची कामं द्या. पण ती आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवणं सोडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून तिच्या आईशी आणि तिथल्या आरोग्य केंद्रातल्या किंवा मदत संस्थेच्या मानसिक आधार देणाऱ्या माणसाशी तिची गाठ घालून देणं हे पहिलं काम. तुम्ही स्वतः तिच्याकडून युद्धाच्या आठवणी खोदून काढू नका. ती आपणहून सांगेल तेवढं ऐका.

एकटीनं शिकण्यापेक्षा चौघींचा गट फार बळकट. आसपास विस्थापित कुटुंबांतल्या दोन-तीन मुली असतीलच. एकीचं गणित बरं, दुसरीचं अरबी. तिनं आठवड्यातून दोनदा लहान भावंडांना शिकवावं. दुसऱ्याला समजावताना स्वतःचं कच्चं कुठे आहे ते उघडं पडतं. शिवाय मुलगी शिकते आहे याचा घराला रोजचा उपयोग दिसला की तिच्या अभ्यासाचा वेळ घरकामात आणि लग्नाच्या बोलण्यांत गिळला जात नाही. या विषयावर तुम्ही बाहेरून उपदेश करू नका. आईशी ओळख वाढवा. ती मुलीच्या बाजूनं असेल तर बाकीचं सोपं होतं.

परीक्षेची नोंदणी शाळेतून किंवा बाहेरून बसणारी म्हणून स्थानिक शिक्षण कार्यालयातून होते. तारखा आयत्या वेळी बदलतात, त्यामुळे तिथल्या एका मुख्याध्यापकाशी आणि मंत्रालयाच्या अधिकृत पानाशी ताडल्याशिवाय कोणतीही तारीख खरी धरू नये. टेलिग्रामवर 'फुटलेले पेपर' विकणारे प्रत्येक परीक्षेला उगवतात. पैसे जातात, आणि कॉपीच्या प्रकरणात नाव आलं तर सगळंच जातं. केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर प्रवासाचा निर्णय घरच्यांनी घ्यावा, तुम्ही नाही. जायचं ठरलं तर गटानं, दिवसाउजेडी, चार-पाच दिवस आधी, राहण्याची जागा नक्की करून. रस्ता सुरक्षित नसेल तर परीक्षा सोडावी, आणि हे तिला आत्ताच मोकळेपणानं सांगून ठेवावं, म्हणजे त्या क्षणी ती जिवावर उदार होणार नाही. उशिरा का होईना, परीक्षा पुन्हा येते.

आता डॉक्टरकीबद्दल. सुदानमध्ये विद्यापीठ प्रवेश केंद्रीय पद्धतीनं, प्रमाणपत्राच्या टक्केवारीवर होतात आणि वैद्यकीयसाठी टक्के फार वरचे लागतात. खार्तूममधल्या विद्यापीठांचं मोठं नुकसान झालं. त्यांतल्या अनेकांनी ऑनलाइन वर्ग आणि सुरक्षित शहरांतल्या परीक्षा केंद्रांवर काम चालू ठेवलं. म्हणजे देशातली वाट अरुंद आहे, बंद नाही. पूर्णपणे ऑनलाइन मिळणारी आणि डॉक्टर म्हणून काम करू देणारी पदवी कुठेही नाही, तशी जाहिरात दिसली तर ती फसवणूक समजा. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल या २००९ साली सुरू झालेल्या अमेरिकी ऑनलाइन विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही, परीक्षांचं शुल्क असतं आणि त्यात सवलतीसाठी अर्ज करता येतो. तिथली आरोग्यविज्ञानाची पदवी चांगली आहे, पण ती वैद्यकीय पदवी नाही. परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, औषधनिर्माण हे पर्याय प्रवेशाच्या यादीत तिनं जरूर लिहावेत, आणि "डॉक्टर नाही तर काहीच नाही" असं तिला वाटत असेल तर त्यावर तिच्याशी निवांत बोला.

शिष्यवृत्त्यांमध्ये एक भेद फार जणांच्या लक्षात येत नाही. ती देशाच्या सीमेच्या आत आहे, म्हणजे कायद्यानं ती विस्थापित आहे, निर्वासित नाही. निर्वासितांसाठीच्या बहुतेक योजना तिला आज लागू नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची, १९९२ मध्ये जर्मनीच्या मदतीनं सुरू झालेली डाफी शिष्यवृत्ती घ्यायला दुसऱ्या देशात निर्वासित म्हणून नोंद असावी लागते आणि शिक्षणही त्याच देशात घ्यावं लागतं. केवळ यासाठी सीमा ओलांडायला कुणी सुचवू नये. पुढे कुटुंब इतर कारणांनी बाहेर गेलंच तर पोचल्यावर लगेच नोंदणी करावी आणि शिक्षणाचे सगळे कागद त्यातच नोंदवावेत. युरोपात गेल्यास, कागद अपुरे असले तरी मुलाखत घेऊन पात्रता तपासणारा निर्वासितांसाठीचा पात्रता पासपोर्ट युरोप परिषद देते. १९९७ च्या लिस्बन कराराचं सातवं कलम त्यामागे आहे. तिथे ती नोंदवही कामाला येईल.

तुम्ही भारतात आहात म्हणून भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या तुमच्या डोळ्यासमोर येतील. अर्ज त्यांच्या ए-टू-ए संकेतस्थळावर करायचा असतो, छाननी भारतीय दूतावासामार्फत होते, अर्जाला शुल्क नसतं आणि एजंट लागत नाही. कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि इंग्रजीतला एक निबंध लागतो. तो तिचा तिनंच लिहावा, तुम्ही फक्त तपासावा. पण त्यात एमबीबीएस आणि परिचर्येसारखे निमवैद्यकीय अभ्यासक्रम येत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा विज्ञान शाखांचा विचार करता येईल. इंग्रजीच्या परदेशी परीक्षांची घाई नको: आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षांनी बाद होतो. घरून देता येणाऱ्या ड्युओलिंगोच्या परीक्षेला सुमारे तासभर अखंड नेट लागतं. ते मध्येच तुटलं तर तो प्रयत्न बाद ठरू शकतो. कोणत्या विद्यापीठाला काय लागतं हे नक्की झाल्यावरच पैसे भरावेत. आणि जिथे "प्रक्रिया शुल्क" आगाऊ मागितलं जातं, पासपोर्ट ताब्यात मागितला जातो, किंवा मुलीला एकटीला तिसऱ्या देशात बोलावलं जातं, तिथे बोलणं तिथेच थांबवावं.

तुमच्याबद्दल थोडं. तिचा फोटो किंवा गोष्ट मदत गोळा करण्यासाठी कुठे टाकू नका, परवानगी असली तरी. नाक्यावर आणि गावात त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात. व्हिसाचं, प्रवेशाचं आश्वासन देऊ नका. ती गप्प झाली तर प्रश्नांचा भडिमार नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानभर नेट बंद पडलं तेव्हा लाखो माणसं अशीच गप्प झाली होती. आधीच ठरवून ठेवा: उत्तर आलं नाही तरी धडे दर आठवड्याला येत राहतील, आणि नेट आल्यावर तिनं फक्त एक खूण पाठवायची. तुम्हाला हे काम थांबवायचं झालं तर महिनाभर आधी सांगा आणि दुसऱ्या शिक्षकाची ओळख करून द्या.

या शनिवारी इंग्रजीचा धडा बाजूला ठेवून तीनच गोष्टी करा. तिच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या आवाजात पाठवा, डिसेंबर २०२४ च्या परीक्षेची हकीकत सांगून. आधीच्या परीक्षेचा बैठक क्रमांक आणि शाळेचं नाव तिच्याकडून लिहून घ्या. आणि गणिताच्या पहिल्या पाच धड्यांची दहा गणितं एका पानावर हातानं लिहून त्याचा फोटो पाठवा, उत्तरांशिवाय.